लिंबाजी कोष्ट्याची नागीण

लिंबाजी कोष्टी वाचला. सगळे अंग तांबडेलाल झाले, कातडीचे पापुद्रे गळून पडले, गावाने तर त्याला जवळजवळ पोचवलाच होता. पण महाराजांच्या कृपेने तो वाचला. ऐकणाऱ्या भक्तांच्या जिवाला उगाच घोर नको, म्हणून हे आधीच सांगून टाकले.

परंतु या प्रसंगानंतर महाराजांनी सगळ्या गावाला बजावले होते, "असं काही झालंच नाही. कुणी विचारलं तर नाही म्हणून सांगा." आता गुरूची लीला गाण्यासाठी गुरूचीच आज्ञा मोडणे काही बरे नव्हे. तेव्हा वरचा मजकूर आपण वाचलाच नाही असे धरून चालू. लिंबाजी अजून वाचलेला नाही. महाराजांनी काहीही केलेले नाही. आणि जे झालेच नाही, ते पुढीलप्रमाणे झाले.

त्या काळी घोंगडे महाराज हिवरबर्डीच्या कोंडवाड्यात राहत असत. मोकाट गुरे धरून आणायची आणि मालक सोडवायला येईपर्यंत डांबून ठेवायची, ती ही जागा. चारी बाजूंनी पुरुषभर उंचीच्या वर गेलेली दगडी भिंत, एक लोखंडी फाटक, वर आभाळ. महाराज एका उन्हाळ्यात कुठूनसे चालत आले, फाटक उघडे दिसले, आत शिरले आणि एका खोंडाशेजारी बसले. संध्याकाळी खोंडाचा मालक आला आणि खोंड घेऊन गेला. महाराजांना न्यायला कुणी आले नाही. म्हणून महाराज राहिले.

कोंडवाड्याची किल्ली आणि वही गावचे पाटील दौलतराव यांच्याकडे असे. पाटील माणूस कामात चोख, पण चार लोक हसतील असे काही सुचले की त्यांच्याने राहवत नसे. त्यांनी थट्टेने महाराजांची वहीत नोंद केली. जनावराचा प्रकार: मनुष्य, बहुधा. रंग: धुळीचा. शिंगे: नाहीत. खूण: काळे घोंगडे. मालकाचे नाव: विचारले असता वर बोट दाखवले.

ही नोंद पाटील चावडीवर वाचून दाखवीत आणि लोक पोट धरून हसत. महाराजांच्या कानावर गेले तेव्हा महाराज म्हणाले, "सगळं बरोबर लिहिलंय. एक 'बहुधा' तेवढं खोडायचं का ठेवायचं, ते माझं मलाही अजून कळलं नाही."

अशा महाराजांची रोज सेवा करी तो लिंबाजी कोष्टी. हातमागावर पांढरे कापड विणणारा, चाळिशीचा, खाली मान घालून चालणारा माणूस. त्याच्या घराण्याचा एकच मान होता. दर माघी पौर्णिमेला भैरोबाच्या अंगावर जो पांढरा शेला चढे, तो लिंबाजीच्या घरचा. बाप विणीत असे, आजा विणीत असे. शेला देवाला चढला की त्या दिवशीच्या पंगतीत कोष्ट्याचे पान पहिल्या रांगेत मांडले जाई. वर्षातला तेवढा एक दिवस लिंबाजी मान वर करी.

मान खाली असण्याला कारण होते. विशीत असतानाच त्याच्या दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर तांबडे चट्टे उठले होते. त्यांच्यावर चंदेरी पापुद्रे धरत आणि झडत. दुखत नसे, फारसे खाजतही नसे, पण जिथे बसे तिथे त्याच्यामागे पांढरा भुगा राही. म्हणून तो वैशाखातही मनगटापर्यंत बाह्यांची बंडी घाली. ताण्याला खळ लावायला कोष्ट्याकडे कुंचा असतो, तसा एक छोटा कुंचा तो कमरेला खोचून हिंडे. कीर्तनात सगळ्यांत मागे, दाराशी बसे. आणि उठताना आपली जागा आपणच झाडून, भुगा धोतराच्या सोग्यात बांधून घरी नेई. गावात चोरी करून जाणारे होते, तेसुद्धा मागे इतके स्वच्छ ठेवून जात नसत.

कोंडवाडा तो रोज सकाळी झाडी. महाराज एकदा त्याला म्हणाले, "लिंबाजी, अरे इथं बैलांनी काय काय टाकून ठेवलंय. त्यात तुझं हे चिमूटभर कुणाला दिसणार आहे?"

लिंबाजी म्हणाला, "महाराज, बैलांना लाज नसती."

"हां. तो त्यांचा एक फायदाच आहे," महाराज म्हणाले.

एके साली मार्गशीर्षात पाटील लिंबाजीच्या घरी शेला बघायला आले. शेला अर्धा विणून झाला होता. पाटलांनी बोटाने कापडावरचा एक पापुद्रा उचलला, उजेडाकडे धरला आणि बरोबरच्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लिंबाजी, देवाला शेला पाहिजे रे बाबा. तू तर सोबत कातडं बी द्यायला लागलास!"

चौघे हसले. लिंबाजीही हसला. हसला नसता तर ते अजून जोरात हसले असते.

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता तालुक्याच्या बाजाराला गेला. तिथे एक मलमवाला गळ्यात साप अडकवून ओरडत होता, "सात दिवसांत कातडी राजावाणी!" लिंबाजीने काळ्या मलमाची डबी घेतली. घरी येऊन ती मागाच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात, डाव्या पायाच्या फळीखाली लपवली. बायको गजराबाई पाण्याला गेली की तो खड्ड्यात उतरे आणि चट्ट्यांना मलम चोळी. आग आग होई. तो दात दाबून म्हणे, भाजतंय म्हणजे लागू पडतंय.

सातव्या दिवशी मलमवाल्याचा शब्द खोटा ठरला नाही. कातडी राजावाणी झालीच. पाहावे तिकडे तिचेच राज्य. कोपराचा चट्टा दंडावर गेला, दंडावरचा छातीवर, छातीवरचा पाठीवर. चार दिवसांत डोक्यापासून तळव्यापर्यंत तो एकसारखा तांबडा झाला, शेंदूर फासलेल्या देवासारखा. सगळे अंग झोंबे आणि खाजे. पापुद्रे आता चिमटीएवढे नव्हे, पानाएवढे गळू लागले. गजराबाई सकाळी अंथरूण झटके तर सूप भरे. तळहाताला भेगा पडल्या, विणायचा धोटा धरवेना. पाय सुजून वहाणेत मावेनात. डोक्याचे केस उशीवर राहू लागले. आणि नवल असे की हात लावावा तर अंग तापलेल्या तव्यासारखे, आणि लिंबाजी मात्र भर उन्हात बसून हुडहुडत होता.

"काय केलंत तुम्ही? काय खाल्लंत?" गजराबाईने विचारले.

"काही नाही," लिंबाजी म्हणाला.

"काही लावलंत का?"

"काही नाही गं."

डबीचे सांगायचे, तर ती का आणली ते सांगावे लागणार. ती का आणली ते सांगायचे, तर पाटील काय बोलले ते सांगावे लागणार, आणि ते ऐकून आपण हसलो हेही. इतके सगळे सांगण्यापेक्षा मरण सोपे, असा त्याने हिशेब केला. लाजेचे हे असेच असते. ती माणसाला मरू देते, पण बोलू देत नाही.

बुधवारी सकाळी गावाने लिंबाजीला देवळापुढच्या पारावर आणून बसवले. हिवरबर्डीत अंगावर काहीही उठले की ते पाटलांना दाखवायची रीत होती. नागीण उतरवण्याचा हात त्यांच्या घराण्यात होता. आता नागीण म्हणजे अंगावर उठणारा पाणफोडांचा पट्टा. तिला एका बाजूला तोंड असते, दुसऱ्या बाजूला शेपूट असते, ती कमरेला वळसा घालत सरकते आणि तोंड शेपटाला टेकले की माणूस गेला, असे गाव मानी. त्यावर उपाय एकच. ती टेकायच्या आत तोंडासमोर ओल्या कावेची, म्हणजे गेरूच्या तांबड्या मातीची रेघ ओढायची. पाटलांनी आजवर तेवीस नागिणी अडवल्या होत्या. ही चोविसावी.

"बंडी काढ," पाटील म्हणाले.

वीस वर्षांत लिंबाजीचा दंड गजराबाईखेरीज कुणी पाहिला नव्हता. त्याने सगळ्या गावासमोर बंडी काढली. पुढची रांग आपोआप एक हात मागे सरली. लिंबाजीने ते पाहिले आणि डोळे मिटून घेतले. पापण्या सुजून उलटल्या होत्या, त्या नीट मिटतही नव्हत्या.

"तोंड कुठाय?" पाटलांनी विचारले.

"कुणाचं, माझं?" लिंबाजीने विचारले.

"तुझं काय करायचंय! नागिणीचं!"

भागूजी तेली पाटलांचा उजवा हात. तो वाकून बघू लागला. "पाटील, ह्या कोपरावर जास्त दिसतंय. हितनंच सुरू झालं असंल."

"मग हे तोंड. शेपूट बघ."

"दुसऱ्या कोपरावर बी तसंच हाय."

"मग ते शेपूट."

"आन् मधी पाठ हाय, ती?"

"ते मधलं अंग."

"पायाचं काय मग? पाय बी लाल हायत."

पाटलांनी क्षणभर विचार केला. "पिल्लं," ते म्हणाले.

गाव गंभीर झाले. पिल्लांची नागीण आजवर कुणी पाहिली नव्हती. दोघांनी सुतळी आणली आणि लिंबाजीच्या अंगावर लांबी मोजायला घेतली. पण कुठून मोजायचे तेच ठरेना, कारण लाल नाही अशी जागाच सापडेना. शेवटी भागूजी हळूच म्हणाला, "पाटील, तोंड न्हाई, शेपूट न्हाई, म्हंजी हिचं सगळीकडनंच टेकलंय."

हा तर्क इतका सरळ होता की सगळ्या गावाने माना डोलावल्या. पाटलांनी निकाल दिला, "शनिवारपत्तुर. त्याच्यापुढं न्हाई."

तरी आपल्याकडून काही राहू नये म्हणून त्यांनी अर्धी बादली काव कालवली. रेघ कुठे ओढायची ते कळत नव्हते, म्हणून लिंबाजीला दोन्ही हातांनी सगळाच सारवला. आधी तो रोगाने तांबडा होता, आता मातीने झाला. रोग कुठे संपतो आणि उपाय कुठे सुरू होतो ते ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. मग, अंगात उष्णता भडकली आहे म्हणून विहिरीच्या पाण्याच्या घागरी आणवल्या. घागर ओतायची, कावेचा हात फिरवायचा, पुन्हा घागर. पौषाचा वारा सुटलेला. तेल बंद, डाळ बंद, नुसते पातळ ताक.

"पाटील," लिंबाजी कुडकुडत म्हणाला, "मी वाचलो तर शेला मीच देऊ न्हवं?"

"वाचलास तर!" पाटील म्हणाले, आणि हसू दाबत भागूजीकडे वळले. "पंगतीतलं ह्याचं पान कमी करा रे. उगाच वाया जाईल."

लोक हसले. आणि ज्यांना हसू आले नाही, त्यांनीही काही म्हटले नाही.

इतक्यात महाराज आले. कोंडवाडा सोडून ते कधी कुठे जात नसत, त्यामुळे गर्दीने वाट दिली. महाराज लिंबाजीपाशी उकिडवे बसले, त्याच्या पायाच्या सुजेवर बोट दाबले. बोट काढल्यावरही खड्डा तसाच राहिला. महाराजांनी विचारले, "काय लावलंस, लिंबाजी?"

लिंबाजीने मान खाली घातली. "काही नाही, महाराज."

महाराज उठले. "पाटील, याला अजून गार करू नका. हा आतून विझत चाललाय. पांघरूण घाला."

पाटलांना राग आला. तेवीस नागिणींचा माणूस, त्याला सगळ्या गावासमोर शिकवणे! ते मोठ्याने म्हणाले, "बघा हो! कोंडवाड्यातली गुरं आता वैदकी सांगायला लागली. नोंद केल्यापासून हे जनावर मोकाट सुटलंय." मग त्यांनी महाराजांच्या दंडाला धरून त्यांना कोंडवाड्यात नेले, फाटक लावले, कुलूप घातले आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

ज्या दंडाला धरले होते त्या दंडावर पाटलांच्या पंजाचा तांबडा ठसा उमटला होता, तेवढा महाराजांनी एकदा पाहिला.

दुपारी गजराबाई कोंडवाड्याच्या फाटकाशी जाऊन रडू लागली. महाराज गजांपाशी आले.

"बाई, कोष्ट्याची तू. कापडाची वीण उसवली तर काय होतं?"

"वारं आत येतं, ऊब बाहेर जाती," ती म्हणाली.

"कातडी म्हणजे देवानं विणलेलं पहिलं कापड. त्याचं ते जागोजाग उसवलंय. ऊब गळतेय, पाणी गळतंय, अंगातलं सत्त्व पापुद्र्याबरोबर चाललंय. आणि हे लोक वरून घागरी ओततायत. घरी ने त्याला. कोमट पाण्यानं काव उतरव, चोळू नको, टिपून घे. खोबरेल लाव हलक्या हातानं. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर गुंडाळ, वर वाकळ घाल. दार लाव, शेगडी ठेव. घोट घोट पाणी पाज, डाळ दे, दूध दे."

"पाटलांनी डाळ बंद केलीय."

"पाटलांचा डाळीवर राग असेल. लिंबाजीच्या पोटाचा नाही." महाराजांनी आवाज खाली आणला. "आणि मागाच्या खड्ड्यात डाव्या फळीखाली एक डबी आहे. ती काढून जपून ठेव. लागेल."

"कसली डबी?"

"ते त्याला विचार. पण रागावून विचारू नको. बाकीचं मी बघतो."

गजराबाईने कुलपाकडे पाहिले. "आत बसून तुम्ही काय बघणार, महाराज?"

"बसल्या बसल्या होईल तेवढं," महाराज म्हणाले.

गजराबाई तशीच पारावर गेली. नवऱ्याच्या बगलेत हात घालून तिने त्याला उभे केले. मदतीला कुणी हात लावला नाही. पाटील आडवे आले. "कुठं नेतेस?"

"घरी."

"आन् माझा शब्द?"

"तुमचा शब्द शनवारचा हाय पाटील. आज बुधवार. शनवारपत्तुर तर माणूस माझाच हाय की."

घरी तिने सगळे महाराजांनी सांगितले तसे केले. पाणी तीनदा बदलले तेव्हा काव उतरली. मग ती मागाच्या खड्ड्यात उतरली आणि डबी घेऊन वर आली. डबी बघताच लिंबाजीने तोंड भिंतीकडे फिरवले.

"मला एक शबूद सांगितला असता तर?" ती म्हणाली.

"तुला काय सांगू? तूच रोज सूप भरून बाहेर टाकतीस."

"मग? कुणाला तक्रार केली का मी?"

यावर लिंबाजी रडला. डोळ्यांतल्या पाण्याने गालाची कातडी झोंबत होती, तरी त्याला थांबता येईना. मग त्याने सगळे सांगितले. पाटील काय म्हणाले, चौघे कसे हसले, आणि आपणही. गजराबाईने त्याच्या पाठीला तेल लावता लावता सगळे ऐकून घेतले. नंतर त्याला वाटीभर वरण पाजले. रात्री त्याची हुडहुडी पहिल्यांदा कमी झाली.

गुरुवारी दुपारी गावात टांगा आला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर कुलथे खाली उतरले. दोन दिवसांची दाढी वाढलेला, झोप अपुरी झालेला माणूस. सरकारी डॉक्टर हिवरबर्डीला आपणहून येणे हाच खरे तर पहिला चमत्कार होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नाही.

"लिंबाजी कोष्टी कुठं राहतो?" त्यांनी विचारले.

गाव लिंबाजीच्या दारात जमले. डॉक्टरांनी त्याला उलटसुलट तपासले, नाडी पाहिली, काखेतल्या आणि जांघेतल्या गाठी चाचपल्या, नखे पाहिली, डबी उघडून वास घेतला आणि तोंड वाकडे केले.

"कोपरावर, गुडघ्यावर जुने चट्टे होते ना? वीस-एक वर्षांचे?"

"व्हय," लिंबाजी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते चारचौघांत कबूल केले.

"तो आजार आपला शांत पडून होता. या जहाल मलमानं तो खवळला आणि सगळ्या अंगावर पसरला. असं होतं. कुणाचा जुना खरजेसारखा विकार भडकतो, कुणाला एखादं पोटातलं औषध बाधतं, कुणी जुनं औषध एकदम सोडतो म्हणून होतं. कधी कधी कारण सापडतसुद्धा नाही."

पाटील पुढे झाले. "डॉक्टरसाहेब, हिचं तोंड-शेपूट काही सापडेना."

"कुणाचं?"

"नागिणीचं."

डॉक्टरांनी पाटलांच्या हातांकडे पाहिले. काव निघाली नव्हती. दोन्ही तळवे तांबडे होते. "नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं उठते, पाटील. ती कुणाला भेटायला निघालेली नसते. आणि ही नागीण नाहीच. हा लागणारा रोगही नाही. याच्या पंगतीला बसलं, याचं कापड ल्यालं, तरी कुणाला काही होत नाही."

दाराशी उभ्या असलेल्यांपैकी बरेच जण आपापले पाय बघू लागले.

"याला गार पाण्यात आणि वाऱ्यावर अजून एक दिवस ठेवला असता," डॉक्टर म्हणाले, "तर मला फक्त दाखला लिहायला यावं लागलं असतं. ऊब, तेल, डाळ, सगळं अगदी पाहिजे तसं केलंय. कुणी सांगितलं?"

"महाराजांनी," गजराबाई म्हणाली.

"तेच का ते? काल दुपारी चारच्या सुमाराला दवाखान्यात एक गृहस्थ आले. रोग्याचं सगळं वर्णन केलं. अंगभर लाली, पायाला सूज, हुडहुडी, काळा मलम. मी म्हटलं, उद्या जमणार नाही. तर अंगावरचं घोंगडं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, 'हे राहू द्या, म्हणजे विसरायचं नाही. येताना घेऊन या.' मी नको म्हणेपर्यंत निघूनसुद्धा गेले." डॉक्टरांनी टांग्यातून घोंगडे आणवले.

काळे घोंगडे. एका कोपऱ्याला पांढऱ्या सुताचे ठिगळ, ते लिंबाजीनेच लावून दिलेले. साऱ्या गावाने ओळखले.

"काल चार वाजता?" पाटलांनी विचारले.

"हो. त्यांच्या दंडावर एक तांबडा पंजा उठला होता. मला वाटलं, तेच रोगी."

पाटलांचा हात आपोआप करगोट्याकडे गेला. किल्ली तिथेच होती. काल कुलूप घातल्यापासून ती त्यांच्या अंगावेगळी झाली नव्हती. आंघोळीलासुद्धा नाही, कारण त्यांनी आंघोळ केली नव्हती.

सगळे गाव कोंडवाड्याकडे निघाले. पाटील सर्वांत पुढे होते. त्यांनी कुलूप काढले. फाटक उघडले. आत महाराज भिंतीला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. अंगावर घोंगडे नव्हते. रात्रीच्या गारठ्याने ओठ निळे पडले होते आणि ते अगदी लिंबाजीसारखे कुडकुडत होते.

"पाटील," महाराज म्हणाले, "माझं घोंगडं आणलंत का?"

डॉक्टर पुढे आले. "महाराज, काल तुम्ही दवाखान्यात—"

"मी? छे. मी तर कोंडलेला होतो. असं काही झालंच नाही." महाराजांनी पाटलांकडे बोट दाखवले. "विचारा यांना. किल्ली यांच्याकडं होती."

साऱ्या गावाने पाटलांकडे पाहिले. आयुष्यभर त्यांना असे चार लोक पुढ्यात लागत. आज चारशे होते, आणि सगळे उत्तराची वाट बघत होते. किल्ली माझ्याकडे नव्हती म्हणावे, तर ती हातात. होती म्हणावे, तर घोंगडे टांग्यातून आलेले. महाराजांच्या दंडावर त्यांचाच पंजा होता आणि त्यांच्या तळव्यावर तीच काव. दौलतराव पाटील कोंडवाड्याच्या शेणात गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"महाराज, मी माणूस मारत होतो," ते म्हणाले. "आन् वर हसत होतो."

महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मला कशाला सांगता? मी इथंच होतो, मला काही ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला सांगा."

पाटील उठले, लिंबाजीच्या घरी गेले आणि दारातच थांबले. आत लिंबाजी वाकळेत गुंडाळून पडला होता. पाटलांनी उंबऱ्यावर डोके टेकले. लिंबाजी गडबडून उठू लागला. "पाटील, हितं टेकू नका, माझा भुगा पडलाय."

पाटील तसेच राहिले. कपाळ उचलले तेव्हा त्यावर दोन पापुद्रे चिकटलेले होते. ते त्यांनी पुसले नाहीत.

लिंबाजीला त्याच टांग्यातून दवाखान्यात नेले. तीन आठवडे तो तिथे होता. परतला तेव्हा अंगावर नवी, मऊ कातडी आली होती, सूज उतरली होती. कोपरांवरचे आणि गुडघ्यांवरचे जुने चट्टे मात्र जसेच्या तसे होते. भागूजी तेल्याच्या मनाला ते लागले. तो महाराजांना म्हणाला, "येवढं सगळं केलंत, आन् कोपरं तेवढी ऱ्हायली?"

"मी काही केलं नाही," महाराज म्हणाले. "आणि कोपरं राहू दे. जायला पाहिजे होतं ते गेलं की नाही, ते बघ पौर्णिमेला."

माघी पौर्णिमेला लिंबाजी, राहिलेला अर्धा भाग विणून पुरा केलेला शेला घेऊन देवळात आला. अंगात अर्ध्या बाह्यांची बंडी होती. कमरेला कुंचा नव्हता. कोपर सगळ्यांना दिसत होते आणि तो ते झाकत नव्हता. शेला भैरोबाच्या अंगावर चढला. पंगतीत पहिल्या रांगेत त्याचे पान मांडले होते, आणि शेजारच्या पानावर पाटील बसले होते. ज्यांनी पारावर पाय मागे घेतले होते, त्यांनी त्या दिवशी जागा नसतानाही त्याच रांगेत दाटी केली. जेवून लिंबाजी उठला तेव्हा त्याच्या जागेवर पांढरा भुगा पडलेला होता. पाटील वाकले आणि त्यांनी तो आपल्या उपरण्याने, तांबड्या हातांनी टिपून घेतला. काव एव्हाना निघायला हवी होती. निघाली नव्हती.

त्याच आठवड्यात पाटलांनी तालुक्याला एक अर्ज पाठवला. त्याची नक्कल कोंडवाड्याच्या वहीत अजून आहे:

"मेहेरबान मामलेदार साहेब यांचे सेवेशी. अर्जदार दौलतराव पाटील, मौजे हिवरबर्डी, विनंती करतो की, मौजे मजकुरी एक जनावर कैक वर्षे मोकाट फिरत असून त्याने गरिबांचे नुकसान केले आहे. तपशील येणेप्रमाणे. प्रकार: पाटील. रंग: तळव्यांना तांबडा. शिंगे: होती, गेल्या पौषात गळाली. खूण: हसण्याची सवय, हल्ली बंद. मालकाचे नाव: मालक कोंडवाड्यात आधीच बसलेले आहेत, सबब सोडवायला कुणी येणार नाही. तरी सदर जनावर सरकारी कोंडवाड्यात रीतसर जमा करून घ्यावे, कुलपाची किल्ली लिंबाजी कोष्टी यांचे ताब्यात द्यावी, आणि त्यांस दया आली तरी ती ग्राह्य धरू नये, असा हुकूम व्हावा, ही विनंती."